उदाहरणासह अभिप्राय

आमच्या वर्गात माझा बाबा आहे, हे वर्गाला माहीत नव्हतं. आडनाव एकच, पण त्या आडनावाचे आणखी दोघे वर्गात होते, त्यामुळे कोणी चौकशी केली नाही. अट माझीच होती: युनिव्हर्सिटीच्या दारातून आत गेलं की मी त्याची मुलगी नाही. तो "बरं" म्हणाला. बाबा सगळ्यालाच आधी बरं म्हणतो आणि मग स्वतःच्या मनासारखं करतो, पण ही अट त्याने पाळली. घरी आमचं अरे-तुरे, वर्गात अहो-जाहो.

विषय होता ऑर्गनायझेशनल लीडरशिप, म्हणजे माणसांकडून काम कसं करून घ्यावं याची बिझनेसची डिग्री. मी शाळा संपवून सरळ इथे आले, तो नोकरी सांभाळून. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत तो सुपरवायझर आहे. तिथली मॅनेजरची जागा रिकामी होणार होती आणि डिग्रीशिवाय ती त्याला कोणी देणार नव्हतं. आता फक्त गटाचा प्रकल्प पार पडायचा होता.

चिठ्ठ्या टाकून गट पाडले. माझ्या गटात बँकेतल्या एक बाई, एक जिम ट्रेनर आणि माझं नशीब म्हणून बाबा. लीडर म्हणून चिठ्ठी निघाली माझी. प्रत्येक सदस्याला वीसपैकी गुण द्यायचे ते लीडरने, आणि दहाच्या खाली गेला तो नापास. बाबा खूश झाला. त्याला वाटलं, घरचाच मामला आहे.

ग्रंथालयात नवा माणूस रुजू झाला की त्याला काम कोण आणि कसं शिकवतं, हा आमचा विषय. आम्ही तिघांनी आपापला भाग लिहिला. बाबाकडे काम होतं फक्त सगळे भाग जोडून प्रिंट काढायचं. त्याने रविवारी बसून अख्खा अहवाल पुन्हा लिहिला.

"यात माझा भाग कुठाय?" ट्रेनरने विचारलं.

"आहे की. जरा नीट केलाय," बाबा म्हणाला.

बँकेतल्या बाईंनी चार पानं उलटली आणि चष्मा पर्समध्ये टाकला. अहवाल उत्तम झाला होता, यात वाद नाही. मला संताप आला तो त्याचाच.

अभिप्रायाच्या तासाला आमच्या मॅडमची पद्धत ठरलेली होती. लीडरने सदस्यासमोर उभं राहायचं, एक गुण सांगायचा, एक दोष सांगायचा. सदस्याने स्वतःची बाजू मांडायची नाही. उदाहरण मात्र मागता येतं.

"तुम्ही मेहनती आहात," मी बाबाला म्हणाले. "पण दुसऱ्याने केलेलं काम तुम्ही स्वतः पुन्हा करता. तुम्हाला तशी सवयच आहे."

"उदाहरण?"

"हा अहवाल."

"हे एकदाच झालं," बाबा शांतपणे म्हणाला. "एकदा झालं त्याला सवय म्हणत नाहीत."

मॅडमनी मान डोलावली. "बरोबर आहे. सवय म्हणालात, तर दुसरं उदाहरण लागेल."

उदाहरणांना काय तोटा! पण होती ती सगळी घरची. अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि बाबाही, जिंकल्यासारखा. माझं डोकं फिरलं.

"मी शाळेत होते. आई हॉस्पिटलमधून घरी आली होती, अंथरुणावर होती. भांडी मी घासायचे. घासून, पालथी घालून अभ्यासाला बसले की स्वयंपाकघरातला नळ सुरू व्हायचा. तुम्ही तीच भांडी पुन्हा धुवत असायचात. रोज. मला साधं भांडंही घासता येत नाही, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं."

ट्रेनरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबाकडे. आता आमची नाकं कशी सारखी आहेत, हे सगळ्यांनाच दिसलं असणार. बाबा जागेवर जाऊन बसला. मॅडमनी पुढच्या गटाला बोलावलं.

एरवी वर्ग सुटला की कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान येईपर्यंत बाबा पुढे आणि मी मागे, असं आम्ही चालायचो. त्या दिवशी तो दारातच थांबला होता.

"किती देणार आहेस?"

"आठ. उद्या कागद द्यायचाय."

"म्हणजे मॅनेजरची जागा गेली."

"हो."

थोडं चालल्यावर तो म्हणाला, "भांडी तू चांगलीच घासायचीस. डॉक्टर म्हणाले होते, आईला आता साधा संसर्गही झेपायचा नाही. तिची भांडी उकळत्या पाण्यातून काढायला सांगितली होती. तिची तेवढी वेगळी काढली असती तर तू विचारलं असतंस, का म्हणून. म्हणून मग सगळीच काढायचो."

आई त्याच वर्षी गेली. मला बाबाची दया आली, आणि रागही आला, पहिल्यापेक्षा जास्त.

"मग मला सांगायचं ना."

"लहान होतीस तू. काय सांगणार?"

"उकळत्या पाण्यातून काढ, एवढंच. कशासाठी ते नसतं सांगितलंस तरी चाललं असतं."

"हात भाजला असता तुझा."

"भाजला असता तर भाजला असता. निदान आईसाठी मी काहीतरी केलं असतं, बाबा. आता आठवायला गेलं तर मी तिच्यासाठी केलेलं काही सापडतच नाही. जे केलं, ते तू पुन्हा केलंस."

बाबा रस्त्यातच उभा राहिला. मग तो म्हणाला, "आठच राहू दे."

"ठेवणारच होते," मी म्हणाले, पण तोवर मला रडू आवरेना झालं होतं. बाबाने खिशातून रुमाल काढला. माझ्या तोंडापर्यंत नेलेला हात त्याने मध्येच थांबवला आणि रुमाल माझ्या हातात दिला.