तिगावचा थांबा

“कोणी सुरू केलं हे?” अनुराधा मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं. “पोरगी नऊ दिवसांपासून शाळेत येऊन नाही राहिली, आणि तुमच्यापैकी एकालाही तोंड नाही?”

सातवीचा वर्ग खाली माना घालून बसला होता. खिडकीजवळची शिवानीची जागा रिकामी होती.

शिवानी बोलताना अडखळायची. एखादं अक्षर तिच्या ओठांवर येऊन बसायचं आणि हलायचंच नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी गाडीची शिटी वाजवायचं आणि दुसरं कोणी ओरडायचं, “तिगाव आलं, तिगाव!” पांढुर्ण्याहून पॅसेंजर गाडी सुटते न सुटते तोच तिगावला जाऊन उभी राहते, तशी ही. आधी हे वर्गात चाललं, मग मैदानात, मग हातपंपावर. दोन महिन्यांत पोरीचं नावच तिगाव पडलं. काल तिची आई छाया शाळेत येऊन रडली, तेव्हा कुठे मॅडमना हे कळलं.

“अक्षय, तूच ना?”

अक्षयने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. वर्गात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच असायचा.

“उद्या पालकांची बैठक आहे. बाबांना घेऊन ये.”

त्या दिवशी मॅडमना एका जागी बसवेना. गेल्याच महिन्यात त्या सौसरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. मुलांमधली चिडवाचिडवी कशी ओळखायची, वेगळ्या मुलाला वर्गात कसं सामावून घ्यायचं, हे सगळं त्यांनी वहीत उतरवलं होतं. आल्या आल्या ‘आपण सारे वेगळे, आपण सारे एक’ असा तक्ताही भिंतीवर लावला होता. त्याच तक्त्याखाली हे चाललं होतं.

शनिवारी पालक मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. छाया मागच्या कोपऱ्यात होती. संत्रा मंडीतलं फळं निवडायचं काम अर्धा दिवस सोडून आली होती. अक्षयचे वडील भूपेंद्र पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. हात पुसून आले होते, तरी नखांत काळं ग्रीस होतंच. मॅडमनी सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या व्यंगावर हसणारी मुलं पुढे कशी होतात, तेही सांगितलं.

भूपेंद्र उठले. “काऊन रे? पोरीले नाव ठेवून राहिला? हेच शिकाले धाडतो का तुले?”

“मी नाही ठेवलं,” अक्षय म्हणाला.

“मंग कोणं ठेवलं?”

अक्षयने एकदा मॅडमकडे पाहिलं. “मॅडमनंच म्हटलं होतं.”

“खोटं बोलू नको!” हे मॅडमच्या तोंडून निघूनच गेलं. आणि पाठोपाठ भूपेंद्रची चापट बसली.

त्या आवाजासरशी मॅडमना आठवलं. ऑगस्टमधली ती दुपार. धडे मागे राहिलेले, तपासणी तोंडावर आलेली, आणि शिवानी वाचता वाचता ‘प्रवास’ शब्दाच्या ‘प्र’वर अडून उभी. “काय गं, तिगावलाच थांबली का तुझी गाडी?” वर्ग खदखदून हसला होता. शिवानीही हसली होती. आणि बोलणं बरोबर जमलं म्हणून मॅडमना बरंही वाटलं होतं.

आता बोलायला हवं होतं. पण मॅडमनी रजिस्टरचं पान उलटलं आणि पुढच्या पालकाचं नाव घेतलं. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

सगळे गेल्यावर छाया टेबलाजवळ आली.

“मॅडम, मी पोरीले किती इचारलं, तुले पहिले कोण बोललं म्हणून. तिनं कोणाचंच नाव नाही सांगतलं. मले वाटे, पोट्ट्याईले भेते.” तिने पदर सारखा केला. “आता समजलं, काऊन नाही सांगतलं ते.”

आणि ती निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मॅडमना वाटलं.

घरी त्यांचं कशातच लक्ष लागेना. कणीक भिजवायला घेतली आणि तशीच ठेवून दिली. नवरा, वीरेंद्र, म्हणाला, “कायले एवढं लावून घेऊन राहिली? गमतीत बोलली तू. पोरं विसरतात.”

गमतीतच. तेवीस वर्षं त्या हसवणाऱ्या मॅडम म्हणून गावात ओळखल्या जात होत्या. त्यांना एकेक नाव आठवू लागलं. अंकुश कासव होता. मीना कोळशाची खाण होती. मीनाला राग यायचा नाही, तीही हसायची. हसायची ना? मॅडम अंगणात गेल्या, परत आत आल्या, पुन्हा गेल्या. मीनाचा चेहरा काही केल्या आठवेना. नाव मात्र आठवत होतं, आणि तेही त्यांनीच ठेवलेलं.

रविवारी सकाळी त्या भूपेंद्रच्या घरी गेल्या. भूपेंद्र गडबडले, खुर्ची पुसायला धावले.

“अक्षय खरं बोलला होता,” मॅडम उभ्याउभ्याच म्हणाल्या. “मीच म्हटलं होतं ते. माझ्यामुळं त्यानं मार खाल्ला.”

“जाऊ द्या ना, मॅडम. लेकरू हाय. खाल्ली एक झापड त खाल्ली.”

अक्षय दारात येऊन उभा होता. मॅडम त्याच्याकडे वळल्या. “माझं चुकलं, अक्षय.”

तो नखाने चौकटीचा रंग खरवडत राहिला. मग म्हणाला, “पण मी बी म्हणत होतो, मॅडम. रोज.”

तिथून त्या शिवानीकडे गेल्या. शिवानी ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मॅडमना पाहून उठली नाही, हातातली जुडीही तिने खाली ठेवली नाही. मॅडम तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या आणि जे घडलं होतं ते सगळं सांगितलं, चापटीसकट. रस्ताभर जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

शिवानी ऐकत होती. मग तिने तोंड उघडलं. “सो... सो...”

“सोमवारी येते म्हणते,” छाया आतून घाईने म्हणाली.

शिवानीने जोरात मान हलवली. डोळे मिटले, मुठी आवळल्या. “सोमवारी तु... तुम्ही सांगा. सगळ्यांना. मी मं... मंगळवारी येते.”

सोमवारी मॅडमनी वर्गाला सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. मागे कोणीतरी फिसकन हसलं, त्याला अक्षयने कोपर मारलं. बाकी मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत कालपरवापर्यंत जे कौतुक असायचं, ते आज नव्हतं. मॅडमनी ते पाहिलं आणि धडा उघडला.

मंगळवारी शिवानी आली. खिडकीजवळ बसली. मॅडमकडे तिने पाहिलं नाही. आज मॅडमनी वर्गाला हसवलं नाही, सरळ हजेरी घेतली. एकेक नाव पुढे सरकलं.

“शिवानी.”

“ह...”

बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. ‘ह’ तिथेच होता. कोणीतरी बाक सरकवला, मग तेही थांबलं. पुढचं नाव घ्यावं, मान वर करून हसावं, ‘असू दे गं’ म्हणावं, असं मॅडमच्या जिभेवर कितीदा तरी येऊन गेलं. त्यांनी दात आवळले. पेनाचं टोक शिवानीच्या नावापुढच्या चौकोनात टेकलेलं होतं, आणि त्याभोवती शाईचा निळा ठिपका हळूहळू पसरत होता.