हिन्रिकचा नांगर

मित्रांनो, नांगर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शेत आणि बैलजोडी येते. तसला नांगर मी नव्हे! मीही माती उकरली, पण ती समुद्राच्या तळाची. मी एका शिडाच्या होडीचा जुना नांगर आहे आणि सध्या सिंगापूरला, बुकित बातोकमध्ये, एका मराठी घराच्या दाराशी पडून आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला तिथे ठेवलंय. म्हातारपणी काय काय पाहावं लागतं!

माझा जन्म जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, एका लोहाराच्या भट्टीत झाला. तेव्हाचे घणाचे घाव आठवले की अजून अंगावर काटा येतो. तिथून मला हिन्रिकने घेतलं. हिन्रिक लेखक होता. एका गावात फार दिवस राहिला तर त्याला ताप भरायचा, असा पायाला भिंगरी लागलेला माणूस! बंदरात शिरलो की तो मला पाण्यात सोडायचा, काठावर कोळ्यांशी गप्पा मारायचा, होडीत बसून लिहायचा आणि लिहून झालं की मला वर ओढून पुढच्या बंदराची वाट धरायचा. त्याची पुस्तकं मुलं उशाशी घेऊन झोपायची म्हणे. पानोपानी वाऱ्याचं कौतुक, लाटांचं कौतुक. वादळात होडी धरून ठेवणाऱ्या माझं नाव मात्र एकाही पुस्तकात नाही. असो.

आणखी एक गोष्ट त्या पुस्तकांत नाही. आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा धक्क्यावर त्याची लहानगी मुलगी उभी होती. तिचं नाव आन्के.

"बाबा, परत कधी येणार?" तिने विचारलं.

"मी चाललो," एवढंच तो म्हणाला. परत यायचं मनात नव्हतं आणि खोटं बोलायचं नाही हा त्याचा बाणा. माझी साखळी खडखडत वर आली आणि पोरीचं रडणं त्या आवाजात बुडालं. त्या दिवशी तळाला घट्ट रुतून बसायला हवं होतं असं मला वाटत राहिलं. पण नांगराला कोण विचारतो?

वर्षं गेली. हिन्रिक म्हातारा झाला, हृदय दगा देऊ लागलं आणि सिंगापूरला आल्यावर डॉक्टरांनी त्याचा समुद्र बंद केला. त्याने होडी विकली. मला तेवढं विकलं नाही. बुकित बातोकमध्ये त्याने एक खोली घेतली आणि मी त्याच्या पलंगाखाली गंजत पडलो.

शेजारी पुण्याची मंडळी राहायची. ऋता विद्यापीठात संशोधन करायची, रुचिर आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत इंजिनियर होता आणि त्यांची मुलगी इरा दिवसभर आमच्याच खोलीत. हिन्रिकला नव्या भाषेतले शब्द गोळा करायचं भारी वेड! इराकडून तो मराठी शिकू लागला. त्याच्याबरोबर मीही शिकलो.

एकदा रुचिर त्याचं इंटरनेट दुरुस्त करायला आला आणि निघताना सवयीने म्हणाला, "येतो हं काका."

येतो म्हणजे येणार! हिन्रिकने चहा केला, दोन कप मांडले आणि दाराकडे बघत बसला. दुपार गेली. चहा गारढोण झाला. संध्याकाळी ऋता सहज डोकावली तर हा तसाच बसलेला.

"अगं बाई! काका, आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. अशुभ असतं. म्हणून 'येतो' म्हणायचं."

"आणि यायचं नसेल तर?"

"तरीही 'येतो'च!"

"मग ते खोटं झालं," म्हातारा म्हणाला.

ऋता हसली. तो काही हसला नाही. त्या दिवसापासून पाव आणायला निघाला तरी तो मुद्दाम "मी चाललो" म्हणायचा आणि इरा पाय आपटायची. "अंकल, असं नाही बोलायचं ला!" वाक्याला लावायचं ते 'ला' तिला इथल्या शाळेत चिकटलेलं.

मग एक दिवस त्याने धीर करून आन्केला फोन लावला. इतक्या वर्षांनी! ती म्हणाली, "मी तुमचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. भेटायचं असेल तर या. पण येणार असाल तरच सांगा."

डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. एवढा प्रवास हृदयाला झेपणार नव्हता. ऋता अगदी काकुळतीला आली. "काका, तिलाच इकडे बोलवा ना!"

"धक्क्यावर ती उभी होती," तो म्हणाला. "जायला मलाच हवं."

निघायच्या दिवशी त्याने मला ओढत आणून शेजाऱ्यांच्या दाराशी ठेवलं. खाली टॅक्सी उभी होती. इराने माझ्यावर पाय ठेवला आणि वाट अडवली.

"नांगर इथे आहे, म्हणजे तू परत येणार. म्हण, येतो म्हण!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला. आन्के विचारत होती, निघालात का? हिन्रिक दारात थिजला. मला भीती वाटली, आता हा नेहमीचं बोलणार.

"येतो," तो मराठीत म्हणाला.

काय म्हणालात, असं आन्केने विचारलं. त्याने तेच पुन्हा जर्मनमध्ये सांगितलं आणि तो गेला. माझ्याशिवाय तो प्रवासाला पहिल्यांदाच निघाला होता.

तो पोचला, मित्रांनो. आन्के त्याला घ्यायला आली होती. काही दिवस तो तिच्या घरी राहिला, आपलं पुस्तक त्याने स्वतः तिला वाचून दाखवलं आणि एका सकाळी तो उठलाच नाही. हे सगळं आन्केने ऋताला फोनवर कळवलं.

इराला सांगायचं कुणी? ती मला खोबरेल चोळत बसायची. "गंज दिसला तर अंकल ओरडेल." ऋता ते बघायची आणि तोंड फिरवून आत जायची. रुचिर म्हणायचा, "अगं, किती दिवस लपवणार?" शेवटी एका रविवारी ती दारातच लेकीजवळ बसली आणि तिने सांगून टाकलं.

इराच्या हातात तेलाची वाटी होती. ती तिने खाली ठेवली.

"बाळा, त्याला यायचं होतं गं," ऋता म्हणाली.

"आई, तो खोटं नाही बोलला," इरा म्हणाली. "फोन त्याच्या कानाला होता. तो तिला 'येतो' म्हणाला. मला नाही म्हणाला ला." आणि ती पुन्हा तेल चोळू लागली.

मित्रांनो, मी तिथेच होतो. फोन कानाला होता हे खरं, पण डोळे इराकडे होते. पोरीलाही ते ठाऊक आहे. मी तिला काय सांगणार? मला तोंड नाही.

मला गंज चढला तरी चालेल. तेलपाणी नाही केलंत तरी माझी तक्रार नाही. निघताना 'येतो' जरूर म्हणा, रीत चांगली आहे. पण म्हटलंत तर या हो. मागे कुणीतरी चहाचे दोन कप मांडून बसलेलं असतं.