मडक्याची ओळ

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. सध्या माझ्यातून बाटल्यांत रॉकेल ओततात. हसू नका, मित्रांनो! मी जन्मलोच रॉकेलच्या डब्यातून. भालकीच्या बाजारात एका कारागिराने डबा कापला, सांध्याला कथलाचा डाग दिला आणि मला आवाज मिळाला.

माझ्यातून हणमंतराव नावाचे पुढारी भाषण करत. ते लिहून देत शिवशंकरप्पा गुरुजी. निजामाचं राज्य होतं. सभेला परवानगी लागे आणि पोलिसांचे अमीनसाहेब समोर बसून शब्दन्‌शब्द टिपत. म्हणून गुरुजी शेतीपाण्याच्या बोलण्यात दरवेळी एक ओळ दडवत, "मडक्यातलं आभाळ आणि बाहेरचं आभाळ एकच, मधे भिंत तेवढी मातीची." माणसं वेगळी नाहीत, राज्यांच्या भिंतीही टिकत नाहीत, हे सगळं त्यांनी तेवढ्यात भरलं होतं.

"गुरुजी, हे मडक्याचं कामून घालायलाव? सभेत कुंभार हाय का?" हणमंतराव करवादत.

"सारं त्यातच हाय, अण्णा."

ती ओळ आली की अमीनसाहेब लेखणी खाली ठेवत. आणि काय सांगू, लोकही नेमके तिथंच तंबाखू मळायला घेत! टाळ्या पडत जोंधळ्याच्या भावाला. इतकं छान दडवलं की कुणालाच सापडेना! माझा नुसता संताप होई. एकाला तरी कळावं, एवढीच गुरुजींची आस होती. समोर बाणूबाई धनगरीण लोकर कातत बसे. ती कधी टाळीही वाजवत नसे. हिच्यापुढे बोलणं म्हणजे दगडावर पाणी, असं मला वाटे.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. पहिली मोकळी सभा भरली आणि हणमंतरावांनी ती ओळच गाळली! आता लपवायचंय काय, म्हणे. गुरुजी उठून चालू लागले. ती ओळ दडवण्यात घातलेली आठ वर्षं पाण्यात गेली होती.

तेवढ्यात बाणूबाई ओरडली, "अण्णा, मडक्याचं राहिलं की!"

हणमंतराव कागद चाळत राहिले. तिनं सरळ मला उचललं. "मडक्यातलं आभाळ अन् भाईरचं आभाळ एकच. मधली भिंत फुटली. आता गावात दुसरी मडकी घडवू नका!"

गुरुजी तिथंच खाली बसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं माझं मागणं नाही. पण पुढारी जी ओळ भरभर उरकेल, तिथं कान द्या. मी आठ वर्षं घसा फोडला आणि ऐकणारी समोर बसलेली मलाच ओळखता आली नाही.