चाळीस सेकंद

बायडाबाईंनी लेकीचा एकही सामना पाहिला नव्हता. सुनयना दहा वर्षं बास्केटबॉल खेळत होती, पण निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बाईला मैदानापर्यंत जायला सवड कुठली? आता वखारीचं काम सुटलं होतं. थोरला भीमरत्न बेळगावात बँकेत लागला होता, त्यानं गाडी घेतली होती. "पुण्यात मॅच हाय न्हवं तुमची? आईला घिऊन येतो," असा त्याचा फोन आला, तेव्हा सुनयना नको म्हणणार होती. पण तोंडातून "या" निघून गेलं.

नको म्हणायला कारण होतं. त्या मोसमात ती बाकावरच बसून होती.

एकेकाळी तिची उंची हा घराला घोर होता. हिला नवरा कुठनं बघायचा, म्हणून आत्या उसासे टाकायची. बेळगावच्या कॉलेजात गेली आणि खेळाच्या सरांनी पहिल्याच दिवशी तिला वर्गातून बाहेर बोलावून हातात चेंडू दिला. तिसऱ्या वर्षी तिनं विद्यापीठाचा संघ जवळजवळ एकटीनं उपांत्य फेरीत नेला. पेपरात फोटो आला, निपाणीत वस्तीवरच्या लोकांनी बुद्धविहारात सत्कार केला, आणि पाठोपाठ बंगळूरच्या एका क्लबाचं बोलावणं आलं. नवी व्यावसायिक लीग सुरू होत होती. पहिले दोन मोसम ती पहिल्या पाचांत होती. मग चेन्नईत उडी मारून खाली येताना गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, वर्ष गेलं. ती परत उभी राहिली, पण तोवर तिच्या जागी एकोणीस वर्षांची, तिच्याहून चपळ मुलगी आली होती. तेव्हापासून क्लब दरवर्षी एकेका वर्षाचा करार करायचा, आणि ती सही करायची. रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसून गुडघा हातानं चोळायचा, मग उठायचं. नाही तर करणार काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुण्यातला सामना दुपारचा होता. कपडे बदलून झाल्यावर ती कोच मंजुनाथ सरांपाशी गेली. आजवर तिनं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"सर, माझी आई आलीय आज. पहिल्यांदाच. दोन मिनिटं तरी..." ती कन्नडात म्हणाली.

सरांनी हातातल्या डावपेचांच्या फळीवरून नजर न उचलता मान हलवली. हो म्हणाले की नुसतंच ऐकलं म्हणाले, ते कळलं नाही.

पहिला अर्धा सामना गेला. तिसरा भागही गेला. बाकावरून तिला समोरच्या पायऱ्यांवर आईची पोपटी साडी दिसत होती. बायडाबाई पुढं वाकून बसल्या होत्या. त्यांना खेळ कळत नव्हता. कुणीही टोपलीत चेंडू टाकला, अगदी समोरच्या संघानं टाकला, तरी त्या टाळ्या वाजवत होत्या. भीमरत्न मात्र सारखा घड्याळाकडे बघत होता. सुनयनानं मान खाली घातली.

चाळीस सेकंद उरले होते आणि संघ अठरा गुणांनी मागे होता, तेव्हा सर म्हणाले, "सुनयना, जा."

हरलेल्या सामन्यात आता कुणी आत गेलं काय नि न गेलं काय. सरांनी तिचं मागणं लक्षात ठेवलं होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. तरी ती उठली. गुडघा गार पडला होता. दोनदा ती नुसतीच इकडून तिकडे पळाली. मग एकीनं तिला अगदी टोपलीखाली मोकळी बघून चेंडू दिला. कॉलेजात हा चेंडू ती डोळे मिटून टाकायची. तिनं उडी घेतली, पाय पुरता उचललाच नाही, चेंडू कड्याला लागून बाहेर गेला. भोंगा वाजला.

बाहेर गाडीजवळ आई उभी होती. सुनयना जवळ येताच तिनं पदरानं लेकीचं कपाळ पुसलं. घाम फारसा नव्हताच.

"आई, मी चाळीस सेकंद खेळले गं. तेवढंच."

"तेवढं मला काय कळतंय? तू लई दमलीयास, एवढं दिसतंय मला."

"आज न्हाय गं दमले."

"मी कुठं आज म्हणलं?"

सुनयना आईच्या गळ्यात पडली. भीमरत्न गाडीचं दार उघडून तसाच थांबला. त्या दोघी बराच वेळ एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुली बाजूनं वळून गेल्या.

महिन्याभरानं सरांचा फोन आला. पुढच्या मोसमाचा करार तयार होता. "गुडघ्यात एक इंजेक्शन घेऊ, बघू काय होतंय ते," ते म्हणाले.

"साकु, सर," ती म्हणाली. पुरे.

सर "बरं" म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालंय, हे तिला आवाजावरून कळलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

आता ती बेळगावात एका शाळेत खेळ शिकवते. तिथं बास्केटबॉलचं मैदान नाही; कबड्डी, खो-खो आणि सकाळची कवायत आहे. खेळाचं सामान दुसऱ्या मजल्यावर ठेवतात, तेवढे जिने मात्र ती एकेक पायरी करून चढते. शाळा चारला सुटते. साडेचारला ती खोलीवर येऊन आडवी होते, आणि तिला कुणी उठवत नाही.