दीपगृहाच्या नोटेचा भाव

माणसाच्या शब्दावर नंबरकाकांचा फारसा विश्वास नव्हता. चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासून त्यांना एवढं कळलं होतं, की जो तो दिसतं त्यापेक्षा एक ओळ जास्तच वाचून दाखवतो. पाठ केलेली असते ना! तेव्हा लेखी असेल तेच खरं, हा त्यांचा खाक्या. आणि त्यांच्या लेखी सगळ्यांत पक्की गोष्ट कोणती, तर जुन्या नोटांचे लिलाव होतात त्या साइटवरची भावनोंद. कोणती नोट, कोणत्या तारखेला, कितीला गेली, सगळं तिथं उतरलेलं. तिथं कुणी खोटी ओळ वाचून दाखवत नाही, असं ते म्हणत.

त्यांचं चष्म्याचं दुकान तसं बेताचंच. पुढे काउंटर, काउंटरमागे स्टुलावर बायको, आणि पडद्याआड नंबर काढायची खुर्ची नि एक कॉम्प्युटर. निखळलेली काडी बसवावी तर बायकोनंच. तो मोहरीएवढा स्क्रू काकांच्या चिमटीत कधी ठरला नाही. पण तिचा डावा कान पार गेला होता आणि उजवाही त्याच वाटेला लागला होता. गिऱ्हाईक म्हणे, "काडी सैल झालीय," आणि ही हसून म्हणे, "बसा ना." लोक हसत, तीही हसे, आणि आतून काका उठून बाहेर येत. आठ महिने पै-पै बाजूला टाकून दोन्ही कानांच्या यंत्रांचे पैसे जमले होते. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं.

काकांना व्यसन म्हणाल तर एकच. फार पूर्वी बंद पडलेल्या एका बँकेच्या, दीपगृहाचं चित्र असलेल्या नोटा. सहा रकमांच्या सहा. पाच त्यांच्याकडे होत्या, त्यांतल्या तीन नोटांच्या जोडीला आणखी एकेक. सहावी, जांभळी, काही हाताला लागत नव्हती. दर विक्रीनंतर ते आलेख काढत आणि बायकोपुढे नाचवत. "बघ, चढताच आहे! म्हातारपणाची सोय आहे ही." कोणत्याही बायकोला अशा वेळी जे वाटतं ते तिला वाटे, पण ती बोलत नसे.

त्या लिलावांत 'बोरूवाला' नावाचा कुणीतरी हटकून असायचा. काका शंभर म्हणाले की हा एकशेदहा. काका दोनशे की हा सव्वादोनशे. काका दात-ओठ खात, त्याचा उद्धार करत, आणि लिलाव असला की सकाळपासून दोनदा दाढी करत. बायको तर त्याला 'माझी सवत' म्हणायची.

शुक्रवारी दुपारी त्या बोरूवाल्याच्याच खात्यावरून निरोप आला. लिहिलं होतं त्याच्या मुलीनं. बाबा दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्याकडे दीपगृहाच्या सहाही नोटा आहेत. मी भावनोंद बघून बेरीज केली, पण मला शिवणवर्गासाठी जागा घ्यायचीय, घाई आहे, तेव्हा निम्म्यात देईन. बाबा फक्त तुमचंच नाव घ्यायचे, म्हणून आधी तुम्हाला विचारते. खाली फोन नंबर होता.

काकांनी निरोप दोनदा वाचला. माणूस गेला याचं वाईट वाटायच्या आधी जांभळी नोट मिळणार याचा आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. निम्मी रक्कम म्हणजे कानाच्या यंत्रांना ठेवलेले जवळजवळ सगळे पैसे. पण त्यात अडचण कसली? जांभळी ठेवायची, बाकीच्या पाच नोंदीतल्या भावानं विकायच्या, की आणखी भारी यंत्रं येतील! त्यांनी बायकोच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं समजावलं.

"घ्या की," ती म्हणाली. "आठ महिने थांबलेत कान, अजून थोडे थांबतील." आणि तिनं गल्ल्याखालचा लिफाफा काढून त्यांच्या हातात दिला. एवढ्या सहज दिला, की काकांना उगीचच खाली बघावंसं वाटलं.

शनिवारी सकाळी पैसे बँकेत भरून तिला पाठवायचे होते. त्याआधी पाचांतली कोणती नोट पहिल्यांदा विकायला काढावी हे ठरवायला काका नोंद उघडून बसले. इतकी वर्षं ते शेवटचा आकडा तेवढा वहीत उतरवून घेत. आज मात्र एकेक विक्री उघडून कुणी कुणी बोली लावली होती ते बघू लागले. गिऱ्हाइकं हेरून ठेवावीत, एवढाच हेतू.

पहिल्या विक्रीत बोरूवाला आणि काका. दुसरीत काका आणि बोरूवाला. तिसरीत तेच. अकरा विक्र्या, आणि अकराही ठिकाणी दोनच नावं. तिसरा माणूस भिंग लावूनही सापडेना.

मग त्यांना आठवलं, एका साली ते काविळीनं पडून होते, तेव्हा एक हिरवी नोट लिलावाला होती. तिचं काय झालं? साइटवरच्या जुन्या लिलावांच्या यादीत शोधली तर सापडली. विकणाऱ्यानं किंमत अगदी किरकोळ ठेवली होती, तरी बोली आली होती एकच, बोरूवाल्याची, आणि तीही त्या किमतीच्या खालची. नोट विकलीच गेली नाही. आणि जी विकली जात नाही, ती भावनोंदीत उतरतच नाही.

काका खुर्चीत मागे रेलले. ज्याला ते बाजार म्हणत होते, तो म्हणजे एक ते आणि एक तो. एकानं चढवायचं, दुसऱ्यानं त्यावर चढवायचं, आणि मग दोघांनीही नोंद बघून म्हणायचं, वा, भाव चढतोय! आता त्यातला एक गेला होता. काका पाच नोटा विकायला काढणार होते, त्या घेणार कोण? तेच?

मुलीला नुसतं 'नको' कळवून गप्प बसता आलं असतं. बायकोला लिफाफा परत दिला असता, कारण विचारायचा तिचा स्वभाव नव्हता. पण ती पोर तीच नोंद घेऊन आणखी दहा दारं फिरली असती. त्यांनी फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं.



"म्हणजे काहीच नाही का हो काका?"

"अगदी काही नाही असं नाही. पण नोंदीतल्याच्या दहावा हिस्साही येईल की नाही, सांगता येत नाही. त्यावर भरवसा ठेवून जागा धरू नकोस, बाळा."

ती म्हणाली, "बाबा दर वेळी म्हणायचे, भाव चढतोय म्हणजे तिकडे कुणीतरी जाणकार बसलाय. आपण काही एकटेच वेडे नाही." मग नाक ओढून म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आगाऊ रक्कम सोमवारी देणार होते. आता दिवसाला थोडे तास भाड्यानं जागा मिळते का बघते."

आता बायको उरली. पडद्याआड खुर्चीत एक निवृत्त मास्तर हनुवटी यंत्रावर टेकून बसले होते. काकांनी आधी कुजबुजून पाहिलं. बायको म्हणाली, "कोण आजारी आहे?" मग जरा मोठ्यानं. "कुणाचं लग्न?" शेवटी काकांनी डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "अगं, आपल्या नोटांना काही किंमत नाही! भाव मीच चढवत होतो! मी आणि तो! मूर्खासारखा!"

मास्तरांनी हनुवटी काढून पडद्याबाहेर डोकं घातलं. रस्त्यावरून जाणारी बाई थबकली. बायकोनं हातातला स्क्रू जपून बशीत ठेवला.

"त्या पोरीला सांगितलंत?"

"सांगितलं!"

"मग सोमवारी जायचं ना?"

काकांनी मान डोलावली आणि लिफाफा तिच्यापुढे ठेवला. इतक्या वर्षांचा आलेख तिनं मागितला नाही, टोमणाही मारला नाही. मारला असता तर बरं, असं त्यांना वाटलं.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी दोघं काउंटरमागे बसले होते. तिच्या दोन्ही कानांत यंत्रं होती. पंख्याचा आवाज होतो, हे तिला नव्यानंच कळलं होतं. तिनं पंखा बंद केला.

"आता सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी नुसता ओरडा ऐकू आला."

"सांगितलं ना सगळं. नोटांत घातलेले पैसे गेले."

"पैशांचं कळलं मला. दुसरं काहीतरी आहे. तीन दिवस तुम्ही जेवत नाही."

काका काचेवरची नसलेली धूळ पुसत राहिले. मग अशा हलक्या आवाजात बोलले, ज्या आवाजात गेल्या दहा वर्षांत तिच्याशी काही बोलायची सोयच नव्हती.

"तो गेला गं. मी त्याला कधी पाहिलंसुद्धा नाही. पण आता लिलावाला बसलो, तर माझ्यावर चढवणारं कुणी नाही."

"ऐकलं," ती म्हणाली, आणि आपलं स्टूल सरकवून त्यांच्या जवळ घेतलं.