लाठ्या खाली!

कात्रप भागात आठवडाभर नळाला धड पाणी नव्हतं. बायकांनी पाणीखात्याच्या कचेरीवर मोर्चा न्यायचं ठरवलं आणि उमाताईही निघाल्या. त्यांचे यजमान विष्णुपंत, अंबरनाथच्या कारखान्यातले निवृत्त अधिकारी, खवळलेच.

"मोर्चे कसले काढता? पोलिसांनी चार लाठ्या हाणल्या की सगळे सुतासारखे सरळ येतात!"

"अहो, त्यातली एखादी मलाही बसेल, कळतंय ना?" म्हणत उमाताई चपला घालून गेल्यासुद्धा.

थोड्या वेळाने विष्णुपंत त्यांना परत आणायला गेले, तर कचेरीच्या फाटकाशी ही गर्दी! पुढच्याच रांगेत उमाताई घोषणा देत होत्या. समोर पोलिसांची फळी आणि मध्ये इन्स्पेक्टर संध्या वाघमारे.

एवढ्यात मागून कुणीतरी दगड भिरकावला. तो थेट संध्या मॅडमच्या कपाळावर बसला. रक्त आलं. पोलिसांनी लाठ्या उगारल्या, बायका किंचाळल्या आणि विष्णुपंत गर्दीत घुसले. उमा!

"लाठ्या खाली!" मॅडम ओरडल्या. "माझ्या हुकमाशिवाय कुणी हात उचलायचा नाही!" कपाळाला रुमाल दाबत त्या लोकांकडे वळल्या. "ताई, पळू नका, चेंगराचेंगरी होईल. आहात तिथेच बसा. ज्यांना जायचंय त्यांना डावीकडची वाट मोकळी आहे. पाणीखात्याच्या साहेबांना मी खाली बोलावते."

क्षणभर कुणीच हललं नाही. मग विष्णुपंतच दुखरे गुडघे धरत डांबरावर बसले. "बसा गं सगळ्या!" हळूहळू अख्खी गर्दी बसली.

साहेब खाली आले. आजच टँकर पाठवतो आणि बिघडलेला पंप बदलतो, असं सर्वांसमोर कबूल करून गेले.

गर्दी पांगल्यावर विष्णुपंत उमाताईंना घेऊन मॅडमजवळ गेले. "एवढं लागलं, तरी लाठी चालवली नाहीत?"

"काका, दगड मारणारा एकटा होता, तो पळालाही. त्याला आम्ही हुडकू, केस करू. पण लाठी कुणाला बसली असती? पुढे उभ्या असलेल्या या काकूंना! बळ वापरायचं ते शेवटचा उपाय म्हणून, तेही लागेल तेवढंच. मला राग आला म्हणून नाही."

विष्णुपंतांनी मुलीच्या वयाच्या त्या बाईंना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'पोलीस घाबरले.' विष्णुपंतांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, 'मी तिथे होतो. रक्त गळत असताना हात आवरायला छाती लागते.'

नागरिकहो, जाब विचारणं हा आपला हक्क आहे, दगड मारणं नव्हे. गर्दीत शेजारच्याचा हात दगडाकडे गेला, तर तो धरण्याचं काम पोलिसांच्याही आधी आपलं आहे!