रुद्राणीची थोरली जाऊ

अकरा उन्हाळ्यांनंतर गंगासागरच्या हातात लाटणं आलं, आणि तेही तिच्या धाकट्या जावेमुळं.

केजमधल्या त्यांच्या गल्लीत चैत्र लागला की दुपारी मन्मथप्पांच्या ओसरीवर बाया उडदाचे पापड लाटायला जमत. रीत अशी होती, की गोष्ट सांगणारीनं लाटायचं नाही. तिच्या वाटणीच्या लाट्या बाकीच्यांनी उरकायच्या. ऐकणाऱ्यांतल्या एकीनं ‘हं’ म्हणत राहायचं. हुंकार आला तरच गोष्ट पुढं सरकायची. अकरा वर्षं सांगणारी एकच, गंगासागर. घरात तिला भाजीत मीठ किती यापलीकडं कुणी काही विचारत नसे. पण ओसरीच्या खांबाला पाठ लावून बसली, की सात-आठ बाया तिच्या तोंडाकडं बघत. जगात तेवढी एक जागा तिची होती.

यंदा गंगासागरचा घसा बसला म्हणून तिच्या धाकट्या जावेनं, दिपालीनं, दोन दिवस एक गोष्ट सांगितली. घसा सुटला, पण खांब गेला तो गेलाच.

दिपालीच्या गोष्टीतली रुद्राणी म्हणजे बाई कसली, वावटळच. भरलेली एसटी एका हातानं उचलायची. कपिलधारचा धबधबा तळहातावर अडवून धरायची, म्हाताऱ्यांच्या अंघोळी निवांत होऊ द्यायची. लांबच्या तलवाड्याहून कुणी हाक मारली, तर हाक संपायच्या आत तिथं हजर. गल्लीतली नवी सून धनश्री हातातला पापड विसरून ऐकायची. गंगासागरच्या गोष्टीतल्या राणीला साधी नदी ओलांडायला तीन दुपारी लागत.

गंगासागर मुकाट्यानं लाटत बसायची. पापड एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटका. मनात एकेक टिपून ठेवायची: दिपालीचा आवाज किनरा आहे, ती वाक्य गिळते, सांगताना केसांशी खेळते. आपल्याला यायचे ते हुंकार पेंगुळलेले असायचे, आणि हिला येतात ते भुकेल्या पोटाचे, हेही तिनं टिपलं होतं. ते मात्र तिला झोपू देत नव्हतं.

सहाव्या दुपारी तिच्या कानाला काहीतरी लागलं. हुंकार पातळ झाला होता. रुद्राणी येणार, उचलणार, निघून जाणार, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. धनश्री तर चक्क लाटत होती.

“काय गं दिपाली,” ती गोड आवाजात म्हणाली, “आपल्या नळाला दहा दिस झाले पाणी न्हाई. तुझी रुद्राणी काहून येईना?”

बाया हसल्या. दिपालीही हसली. रुद्राणी मोठ्या कामालाच येते, असं तिनं सांगितलं.

“मोठं कोणतं आन् बारकं कोणतं, हे कोण ठरवितं?”

दिपाली केसांशी खेळू लागली. गंगासागरनं पाच-सहा दिवसांत इतका गोल पापड लाटला नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यातून शिवकन्या बोलली. तिचा नवरा भारत मागच्या आखाडात शेतातल्या विहिरीत पडून गेला होता. तेव्हापासून ती ओसरीवर यायची, लाटायची, जायची. तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

“आमचे हे पडले, तवा कुठं होती ती?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रस्ता विचारावा तसं विचारलं तिनं. सगळी लाटणी थांबली.

गंगासागरला कळलं, की या प्रश्नाला वाट आपणच काढून दिली. हेही कळलं, की खांब आता आपला. दिपालीला यापुढं कुणी गोष्ट सांग म्हणणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

दिपालीनं तिच्याकडं बघितलं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा चूल पेटेना, त्या दिवशी बघितलं होतं तसं.

गंगासागरनं उभ्या जन्मात दुसरीच्या गोष्टीला हुंकार दिला नव्हता.

“हं,” ती म्हणाली.

दिपालीनं हातातली बट सोडली. “तिला... तिला हाक ऐकू यावी लागती, शिवकन्या. हाक आली तर ती कुठंबी जाती. त्या दिवशी दुपारभर ती कान लावून बसली हुती. हाकच आली न्हाई.”

गंगासागरला वाटलं, आता शिवकन्या उठून जाणार.

“न्हाईच मारायचे ते,” शिवकन्या म्हणाली. “कुणालाच हाक मारायचे न्हाईत. च्या पायजे असला तरी दारात येऊन नुसते हुबे ऱ्हायचे.” तिनं पदरानं नाक पुसलं, लाटी उचलली. मग म्हणाली, “हं.”

आणि गोष्ट पुढं निघाली. रुद्राणी त्या दिवसापासून एसट्या उचलायची सोडून दारोदार हिंडू लागली. जी माणसं हाक मारत नाहीत त्यांची दारं धुंडू लागली. त्यात तिचा फार वेळ जायचा. चुकीच्या दारात जायची, उशिरा पोचायची. धनश्रीच्या हातातला पापड वाळून कडक झाला.

असं उत्तर आपल्याला सुचलं नसतं, हे गंगासागरला पक्कं ठाऊक होतं. तिला ते आतून टोचत होतं, लाटीत राहिलेल्या खड्यासारखं.

घरी येताना दिपाली तिच्या मागोमाग होती. पापडांच्या पाट्यांचं ओझं डोक्यावर, चपला फरफटत.

“अक्का, उद्या काय सांगू? अजून तिला लई ताकद उरली हाय. तेच अडतंय.”

गंगासागर मान न वळवता म्हणाली, “तिला एक थोरली जाऊ दे. मंग बघ ताकद कुठं जाती.”

दिपाली इतकी हसली, की डोक्यावरच्या पाट्या कलल्या. गंगासागरनं मागं हात करून त्या सावरल्या.

“आन् त्या जावेची गोष्ट,” ती म्हणाली, “मी सांगीन. खांबापाशी बसून.”